बटण दाबले, पण कोणी ऐकले का?

गेल्या महिन्यात सांगली जिल्ह्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले. या सदराला येणारी बहुतेक पत्रे मिक्सर, इन्व्हर्टर आणि मोबाइलच्या बॅटरीची असतात. हे वेगळे होते. त्यांच्या सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अस्पष्ट झाले. बाजारात मिळणाऱ्या बिनतारी घंटीचे बटण घरच्यांनी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले आहे. अम्मांनी ते दाबले की शेजारच्या खोलीत सूर वाजतो. दिवसा ठीक चालते. पण पत्र लिहिणाऱ्या भगिनींना स्वतःलाच कमी ऐकू येते आणि झोपताना कानातले यंत्र काढून ठेवावे लागते. त्या लिहितात, "एका रात्री अम्मा किती वेळ बटण दाबत राहिल्या ते अल्लाहलाच ठाऊक. फजरला उठले तेव्हा त्या ओल्या अंथरुणात जाग्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला दिवसभर जेवण गेले नाही. मुलगा अकरावीत आहे, त्याच्याकडे आर्डुइनो आहे. घंटी वाजली की माझ्या उशाशी दिवा लागेल असे काही करता येईल का?"

करता येईल. त्यासाठी घंटी उघडावी लागणार नाही, तिची एकही तार कापावी लागणार नाही. खर्च एका नव्या घंटीपेक्षा फार होणार नाही. बाजारात आवाजासोबत दिवा चमकवणाऱ्या तयार घंट्याही मिळतात आणि ज्यांच्या घरात हौशी मुलगा किंवा मुलगी नाही त्यांनी खुशाल तीच घ्यावी. पण घरी केलेल्या डबीत एक गोष्ट करता येते, जी तयार घंटीत सहसा नसते. ती पुढे सांगतो. आधी बटण काय बोलते ते समजून घेऊ.

टीव्हीचा रिमोट डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाने बोलतो, म्हणून मध्ये कोणी उभे राहिले की त्याचे चालत नाही. घंटीचे बटण, चार बटणांचा दिव्या-पंख्याचा रिमोट, दुकानाच्या शटरचा रिमोट ही मंडळी रेडिओलहरींनी बोलतात. त्या लहरी भिंतीतून जातात. यांतले पुष्कळ रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर असतात, काही ३१५ वर. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या अशा उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. म्हणूनच इतकी उपकरणे तिथे गर्दी करून बसली आहेत.

बटण दाबल्यावर आत काय होते? फार काही नाही. एक छोटी चिप लहर सोडते, थांबवते, पुन्हा सोडते. लहर आहे किंवा नाही, एवढीच तिची भाषा. शाळेत मराठीच्या बाईंनी कवितेच्या ओळीवर लघु-गुरूच्या खुणा करायला शिकवल्या होत्या, त्या आठवा. इथे तसेच आहे. लहर थोडा वेळ आणि मग शांतता जास्त वेळ, याचा अर्थ शून्य. लहर जास्त वेळ आणि शांतता थोडा वेळ, याचा अर्थ एक. सर्वाधिक प्रचारात असलेल्या पद्धतीत 'थोडा वेळ' म्हणजे साधारण ३५० मायक्रोसेकंद आणि 'जास्त वेळ' म्हणजे त्याच्या तिप्पट, १०५० मायक्रोसेकंद. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशी २४ अक्षरे झाली की चिप एक छोटा ठोका देते आणि मोठा श्वास घेते, ३१ मापे इतका, म्हणजे सुमारे १०,८५० मायक्रोसेकंद. मग तीच ओळ पुन्हा.

हिशोब करून पाहा. प्रत्येक अक्षराला चार मापे, म्हणजे १४०० मायक्रोसेकंद. २४ अक्षरांना ३३,६००. शेवटचा ठोका आणि श्वास मिळून ११,२००. एकूण ४४,८००. म्हणजे बोट एक सेकंद बटणावर राहिले तर तीच ओळ बावीस वेळा म्हटली जाते. अम्मांचे बोट अर्धा सेकंदच टेकले तरी अकरा वेळा. ही पुनरुक्ती आपल्या फार उपयोगाची आहे.

आता ऐकण्याची तयारी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा घरबसल्या '४३३ मेगाहर्ट्झ रिसीव्हर मॉड्यूल' मागा. दोन प्रकार मिळतात. एक अगदी स्वस्त, हिरव्या पट्टीवर तांब्याचे वेटोळे असलेला, ट्रान्समीटरच्या जोडीने विकला जाणारा. दुसरा थोडा महाग, त्याला दुकानदार 'सुपरहेट' म्हणतात. चार पैसे जास्त द्या आणि दुसराच घ्या. पहिला प्रकार चालतो, पण खोलीच्या पलीकडचे ऐकताना रडतो. त्यातल्या वेटोळ्यामधला पेच फिरवून पाहण्याचा मोह मुलांना हमखास होतो. तो फिरवला की मॉड्यूल ४३३ वरून सरकते आणि मग काहीच ऐकू येत नाही.

जोडणी सोपी आहे. मॉड्यूलचा पॉवरचा पाय आर्डुइनोच्या ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला आणि डेटाचा पाय २ क्रमांकाच्या पिनला. मॉड्यूलवर डेटाचे दोन पाय असतील तर कोणताही एक चालतो, आतून ते एकच आहेत. ऐकणाऱ्या तारेची लांबी मात्र मोजून घ्या: १७.३ सेंटीमीटर, सरळ, वेटोळे न करता. ही लांबी कुठून आली? लहर सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर धावते. त्याला ४३३.९२ मेगाहर्ट्झने भागले की एका लहरीची लांबी ६९ सेंटीमीटर येते. तिचा चौथा हिस्सा म्हणजे आपली तार. आमच्या अनुभवात न चालणाऱ्या निम्म्या जोडण्या या एका तारेच्या अभावी अडलेल्या असतात.

२ क्रमांकाचीच पिन का? आर्डुइनोच्या ऊनो आणि नॅनो या पाट्यांवर २ आणि ३ या पिनांना एक खास सवलत आहे. त्यांच्यावर काहीही बदल झाला की मायक्रोकंट्रोलर हातातले काम थांबवून आधी तिकडे बघतो. चुलीवर दूध ठेवून भाजी निवडणाऱ्या बाईचे कान जसे दुधाकडे असतात, तसे. प्रत्येक बदलाच्या वेळी तो घड्याळात पाहतो आणि मागच्या बदलापासून किती मायक्रोसेकंद गेले ते टिपतो. त्याचे घड्याळ चार-चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालते. ३५० मोजायचे असताना चारचा फरक काहीच नाही.

पहिल्या दिवशी तयार प्रोग्राम वापरू नका, असे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. फक्त हे टिपलेले आकडे संगणकाच्या पडद्यावर उमटवा. आधी नुसता गोंधळ दिसेल, बटण दाबलेले नसतानाही. घाबरू नका, मॉड्यूल बिघडलेले नाही. काही ऐकू आले नाही की हे मॉड्यूल आपोआप कान अधिक ताणते आणि मग हवेतली खरखरच त्याला बोलणे वाटू लागते. आता बटण दाबून धरा. गोंधळ एकदम निवतो आणि आकडे शिस्तीत येतात: ३४८, १०५६, १०४४, ३६०, ३५२, १०४८... आणि मग एक भलामोठा दहा हजारांच्या पुढचा. तिथे ओळ संपली. कागद घ्या, आकड्यांच्या जोड्या पाडा. आखूड-लांब असेल तिथे शून्य लिहा, लांब-आखूड असेल तिथे एक. चोवीस खुणा झाल्या की तुमच्या घंटीचे नाव तुम्ही स्वतःच्या हाताने वाचलेले असते. यात तासभर जाईल. तो गेलेला बरा, कारण एकदा कागदावर वाचले की पुढे काही अडले तर कुठे बघायचे ते कळते.

दुसऱ्या दिवशी 'आरसी-स्विच' नावाची तयार लायब्ररी आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये घ्या. तिच्यासोबत येणारे ऐकण्याचे साधे उदाहरण चालवले की तीच चोवीस अक्षरे एक दशमान संख्या होऊन पडद्यावर येतात. कागदावरचे उत्तर आणि हे उत्तर ताडून पाहा.

चार बटणांचा रिमोट घरात असेल तर गंमत दिसेल. समजा चार बटणांच्या संख्या ७३४०१६८, ७३४०१६४, ७३४०१६२ आणि ७३४०१६१ अशा आल्या. चौघींचा पाया ७३४०१६० हाच आहे. त्यात ८, ४, २ आणि १ मिळवले आहेत, म्हणजे शेवटची चार अक्षरे बटणाची आणि आधीची वीस रिमोटची. '१५२७' जातीची जी चिप अशा रिमोटमध्ये असते, तिची रचना हीच. वीस अक्षरांत १०,४८,५७६ वेगवेगळी नावे बसतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिमोटशी गाठ पडण्याची शक्यता फार कमी. जुन्या '२२६२' जातीच्या चिपमध्ये मात्र नाव पायांच्या जोडणीवर ठरते. आठ पाय, प्रत्येक पाय वर, खाली किंवा मोकळा, म्हणजे ६,५६१ नावे. पाय जोडण्याचा कंटाळा करून सगळे मोकळेच सोडले असतील, तर तुमचा आणि गल्लीतल्या दुसऱ्या कोणाचा रिमोट एकच नाव पुकारतो. घरात कोणी नसताना पंखा सुरू झाल्याचे आणि त्यावरून घरात कुजबुज सुरू झाल्याचे एक पत्र आम्हाला पूर्वी आले होते. त्यामागे जिन्न नसून अशी चिप असणेच अधिक संभवते.

आता दिवा. अम्मांच्या बटणाची संख्या कळली की प्रोग्राम एवढाच: ही संख्या आली तर दिवा लाव. पण खरखरीतून चुकून दिवा लागू नये म्हणून अर्ध्या सेकंदात तीच संख्या निदान दोनदा आली तरच लावा. ओळ सेकंदाला बावीस वेळा येते, त्यामुळे खऱ्या हाकेला याने उशीर होत नाही.

आणि इथे ती गोष्ट, जी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. अम्मांच्या हातातले बटण फक्त बोलते. त्याला कान नाहीत. आपली हाक कोणाला पोचली की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून ते अम्मांनाही सांगू शकत नाही. त्या रात्री अम्मा अंधारात बटण दाबत होत्या. पलीकडे घंटी वाजते आहे की सेल संपला आहे की सगळे गाढ झोपले आहेत, हे कळण्याचा त्यांच्याकडे काही मार्गच नव्हता. म्हणून दिवा एक नको, दोन लावा. एक सुनेच्या उशाशी, दुसरा अम्मांना पडल्या पडल्या दिसेल असा. हाक पोचली की दोन्ही लागतील. आणि दिवा दहा सेकंदांनी आपोआप विझू देऊ नका. तो लागलेलाच राहू द्या, जोवर कोणी उठून अम्मांच्या पलंगाजवळचे एक साधे बटण दाबून तो बंद करत नाही. म्हणजे हाकेला उत्तर मिळेपर्यंत हाक जिवंत राहते, आणि अम्मांना दिसते की ती पोचली आहे.

अम्मांच्या खोलीतला दिवा आणि बंद करायचे बटण यांच्या तारा भिंतीवरून आर्डुइनोपर्यंत आणायच्या. ५ व्होल्टच्या या तारांत शॉकची भीती नाही. छोटा एलईडी २२० ओहमच्या रेझिस्टरमधून थेट पिनवर चालतो आणि अंधाऱ्या खोलीत पुरेसा दिसतो. पिनवर वीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये, म्हणून मोठी एलईडी पट्टी लावायची तर मध्ये ट्रान्झिस्टर हवा. गाढ झोपणाऱ्यांना उजेडाने जाग येत नाही. त्यांच्यासाठी कंपन करणारे छोटे मॉड्यूल मिळते, ज्याच्या पट्टीवर ट्रान्झिस्टर आधीच असतो. ते उशीच्या अभ्र्यात सरकवा. २३० व्होल्टचा बल्ब रिलेने लावण्याचा बेत अकरावीच्या मुलाने एकट्याने करू नये. वायरमन सोबत असेल तरच. या कामाला त्याची गरजही नाही. मोबाइलच्या चार्जरवर सगळे भागते. वीज जाते तेव्हा घंटीही बंद पडते आणि आपली डबीही, तेव्हा दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या.

सर्वच घंट्या ही भाषा बोलत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काही नव्या घंट्या, विशेषतः सेलशिवाय नुसत्या दाबाने चालणाऱ्या, लहर सोडण्या-थांबवण्याऐवजी लहरीचा सूर किंचित बदलून बोलतात. आपल्या मॉड्यूलला ते कळत नाही. ३१५ मेगाहर्ट्झची घंटी असेल तर मॉड्यूलही ३१५ चे आणि तार २३.८ सेंटीमीटरची. बटणाचे झाकण उघडून आतल्या धातूच्या छोट्या डबीवरचा आकडा वाचला की हे कळते. आणि आमचे मत विचाराल तर, अम्मांचा पलंग एकाच जागी राहत असेल तर बिनतारी बटणच नको. तारेचे बटण थेट आर्डुइनोला जोडा. त्याला सेल लागत नाही, खरखर नाही, अंतर नाही. पण या घरात अम्मांना दुपारी ओसरीवर आणतात, तेव्हा बिनतारीच बरे.

पत्राच्या शेवटी मुलाने एक ओळ जोडली आहे: "आमच्या दुकानाच्या शटरचा रिमोटही याने वाचता येईल का?" बाळ, वाचता येईल, आणि चिंता तिथेच आहे. जे तू ऐकू शकतोस ते दुकानासमोर उभा असलेला कोणीही ऐकू शकतो. चोवीस अक्षरांचे नाव दरवेळी तेच असेल, तर ते एकदा ऐकून पुन्हा म्हणणे एवढेच शटर उघडायला पुरते. त्यासाठी आर्डुइनोही लागत नाही. समोरच्या रिमोटचे नाव शिकून घेणारे नकली रिमोट बाजारात उघडपणे मिळतात.

नाव ऐकलेच पाहिजे असेही नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सामी कामकार या संशोधकाने मुलींच्या एका खेळण्यात फेरफार करून दाखवले, की तिथल्या जुन्या पद्धतीच्या गॅरेजची दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात. त्या दारांचे कोड बाराच अक्षरांपर्यंतचे, म्हणजे फार तर ४,०९६. एकेक सावकाश म्हणत गेले तर अर्धा तास लागला असता. पण ही दारे ओळ कुठे सुरू झाली ते बघत नाहीत, फक्त शेवटची काही अक्षरे बघतात. मग सगळे कोड एकमेकांत गुंफून एकच लांब ओळ म्हणता येते. हे गुंफणे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे: यमाताराजभानसलगम्. आठ गणांची तीन-तीन अक्षरे वेगळी लिहिली तर चोवीस होतात. पण यमाता, मातारा, ताराज असे एकेक अक्षर पुढे सरकत वाचले की दहा अक्षरांत आठही गण येतात. वृत्ते शिकवण्यासाठी केलेली युक्ती दार फोडण्यासाठीही तीच!

तेव्हा शटरचा रिमोट पाच वेळा दाबून पाहा. पाचही वेळा तीच संख्या आली तर तो कोड कायमचा आहे आणि त्या शटरला आतून किंवा खालून साधे लोखंडी कुलूप हवेच. काहीच उमटले नाही तर त्यावरून तो सुरक्षित आहे असे मात्र समजू नका, लायब्ररीला ती भाषा येत नसेल. दुकानदाराला सरळ विचारा, 'रोलिंग कोड आहे का?' अशा रिमोटमध्ये प्रत्येक दाबाला नवे नाव निघते. आतल्या मोजणीचा आकडा दरवेळी एकाने वाढतो, त्यावर गुप्त चावीने प्रक्रिया होते, आणि शटर मागचे नाव पुन्हा स्वीकारत नाही. लहान मुलाने घरी बसून रिमोट खूप वेळा दाबला की दुसऱ्या दिवशी शटर पहिल्या दाबाला उघडत नाही, लागोपाठ दोनदा दाबावे लागते, हे काहींनी पाहिले असेल. मोजणी फार पुढे गेलेली असते, म्हणून शटर दोन सलग नावे मागून खात्री करून घेते. ही पद्धतही अभेद्य नाही. 'कीलॉक' नावाच्या फार वापरल्या गेलेल्या पद्धतीतली उत्पादकाची चावी जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये काढून दाखवली. पण चोराला त्यासाठी अभ्यास लागतो, कायमच्या कोडसाठी काहीच लागत नाही.

शेजाऱ्याचा रिमोट तुझ्या पडद्यावर उमटेल, कारण लहर भिंत ओळखत नाही. त्याची संख्या कुठे लिहून ठेवू नकोस, मित्राला दाखवू नकोस. दुसऱ्याच्या घराच्या चावीचा मेणावर ठसा घेण्यासारखेच ते आहे.

अम्मांच्या बटणात बहुधा १२ व्होल्टचा बारीक सेल असेल. तो एकदम मरत नाही, आधी त्याचा पल्ला कमी होतो. दिवसा जवळून घंटी वाजते आणि रात्री बंद दाराआडून वाजत नाही, ही त्याची पहिली खूण. रोज इशाच्या नंतर अम्मांना एकदा बटण दाबायला सांगा आणि त्यांच्यासमोरचा दिवा लागतो का पाहा. ज्यांना अशीच डबी करायची आहे त्यांनी आम्हाला लिहिताना घंटीचा फोटो नको, बटणाच्या आतल्या धातूच्या डबीवरचा आकडा आणि चिपवरची अक्षरे कळवावीत.